स्क्रॅपबुकची पानं वाकतात, काय करावं?

प्रश्न (लातूर): वेरूळ-दौलताबादचे फोटो १२० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावर पांढऱ्या गोंदाने चिकटवले. वाळल्यावर पानं द्रोणासारखी झाली.

उत्तर (परभणी): गोंदातलं पाणी पिऊन कागदाचे तंतू फुगतात, वाळताना आक्रसतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच झपाट्याने! २२० ते २५० जीएसएमचं कार्डस्टॉक (जाड, ताठ कागद) घ्या, गोंदाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, फोटोच्या कडेपासून ३ मिमी आत. वाकलेली पानं बटर पेपरमध्ये ठेवून जड पुस्तकांखाली दोन दिवस दाबा. पंख्याखाली वाळवू नका हो, घोळ तिथेच होतो.

उत्तर (जालना): ताई, वर्तमानपत्राचं मूळ कात्रण लावू नका, त्यातल्या आम्लाने ते पिवळं पडतं, शेजारच्या फोटोलाही डाग पडतो. आम्लविरहित कागदावर झेरॉक्स काढून लावा.

प्रश्नकर्ती: पॉपअपची, म्हणजे पान उघडताच उभ्या राहणाऱ्या चित्राची, घडी फाटते, तिचं काय?

परभणी: कागद एकदा उभा, एकदा आडवा वाकवून बघा. सहज वाकेल तिकडेच घडी घाला, आधी रिकाम्या बॉलपेनने रेघ ओढून.