पंप, लिफ्ट आणि मनूचं जीमॅट

(राजेंद्र नगर, इंदूर. मल्टीचा, म्हणजे बहुमजली इमारतीचा, ग्रुप, रविवार संध्याकाळ)

२०४ काकू: ग्रुपवर घरचं विचारते, माफ करा. मनूचं जीमॅट, ती एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा, तीन आठवड्यांवर आलंय. गणिताची काळजी नाही, पण ते युक्तिवाद तपासायचं क्रिटिकल रीझनिंग म्हणून आहे त्यावरून रोज रडारड. १०२ च्या दादानं मागच्या वर्षी दिलं होतं ना?

१०२ दादा: दिलं होतं काकू. मनू, अडतंय कुठे?

२०४ मनू: पाचातले तीन पर्याय उडवता येतात दादा. उरलेल्या दोनांतला चुकीचाच नेमका उचलते.

३०१ नाना: व्याकरण पक्कं कर, सगळं येतं.

१०२ दादा: नाना, वाक्यं दुरुस्त करायचे प्रश्न आता नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरात नवं जीमॅट आलं तेव्हाच गेले. व्हर्बलला, म्हणजे भाषेच्या भागाला, ४५ मिनिटांत २३ प्रश्न, एक तर उताऱ्यावरचे नाहीतर हे रीझनिंगचे. एकाला दोन मिनिटंसुद्धा धड मिळत नाहीत.

सेक्रेटरी काका: सर्व सदस्यांस कळविण्यात आनंद होतो की मार्चमध्ये नवीन पंप बसविल्यापासून पुढच्या विंगचे कॉमन वीजबिल ११,४०० वरून ९,३०० रुपयांवर आले आहे. नवीन पंप वीज वाचवतो हे यावरून सिद्ध होते. तेव्हा मागच्या विंगलाही हाच पंप घ्यावा. वर्गणी प्रति फ्लॅट २,००० रुपये.

१०२ दादा: मनू, हा घे प्रश्न. काका, राग मानू नका. निष्कर्ष कुठला?

२०४ मनू: पंप वीज वाचवतो.

१०२ दादा: ती मधली पायरी. ‘तेव्हा’च्या पुढे बघ. काकांना पटवायचंय ते ‘मागच्या विंगलाही घ्या’ हे. बिलाचे आकडे हा पुरावा. पुरावा आणि मधली पायरी यांच्यात एक फट आहे, ती शोध. आकड्यांशी भांडायचं नाही, ते खरेच धरायचे.

३०१ नाना: मार्चमध्ये लिफ्ट बारा दिवस बंद होती. माझे गुडघे साक्षीला आहेत.

१०२ दादा: झालं! नाना, जीमॅट तुम्हीच द्या. बिल पंपामुळे उतरलं की लिफ्टमुळे? दुसरं कारण दाखवलं की दावा ढिला पडतो. युक्तिवाद कमकुवत करा म्हणतात तिथे बहुतेक वेळा हेच शोधायचं असतं.

सेक्रेटरी काका: लिफ्ट बारा दिवस बंद होती हे कशावरून? नऊ दिवस होती.

१०२ दादा: परीक्षेत हे विचारायची सोय नाही काका. पर्याय खरा आहे असं धरूनच चालायचं. इथे खुशाल रजिस्टर काढा.

२०४ मनू: हे कळतं. गृहीतक विचारलं की गोंधळते.

१०२ दादा: मग दोन पर्याय देतो. पंप वीज वाचवतो, एवढ्यापुरतं काकांनी काय गृहीत धरलंय? एक : वीज वाचवायचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे नवा पंप. दोन : त्या महिन्यात विजेचा बाकीचा वापर फारसा घटला नव्हता.

२०४ मनू: पहिला. पंपाबद्दलच बोलतोय ना.

१०२ दादा: म्हणूनच फसतेस. पर्याय उलटा करून बघ. ‘पंप हा सर्वांत चांगला उपाय नाही, जिन्यातले दिवे बदलणं जास्त चांगलं.’ काकांचं काही बिघडलं? पंपानं वीज वाचवली असू शकते तरीही. आता दुसरा उलटा कर.

२०४ मनू: बाकीचा वापर बराच घटला होता... मग पंपानं काय केलं ते सांगताच येत नाही!

१०२ दादा: उलटा केल्यावर ज्याच्यामुळे इमारत कोसळते ते गृहीतक. ‘सर्वांत’, ‘फक्त’, ‘नेहमी’ असे शब्द दिसले की इथे सावध. अनुमानाच्या प्रश्नातही तसंच. पण दावा मजबूत किंवा कमकुवत करायचा असेल तेव्हा जोरदार पर्याय बिनधास्त घे, तिथे जोर असलेला बराच. क्लासवाले सरसकट ‘कडक शब्द टाळा’ सांगतात, माझं त्यातच नुकसान झालं.

४०२ वहिनी: बिल रुपयांत का बघताय? युनिट किती ते सांगा. दर बदलला असेल तर?

१०२ दादा: वहिनी, भारी! रुपये आणि युनिट, आकडा आणि टक्का, असली अदलाबदल तिथे हमखास असते.

३०१ नाना: नर्मदेचं पाणी १९७८ ला इंदूरला आलं तेव्हा पंप लागतच नव्हता. आणि २०१७ पासून आपण स्वच्छतेत पहिले, म्हणजे इथली मुलं मुळात शिस्तीची. मनू पास होणार.

२०४ मनू: नाना, हे विषयाबाहेर. उत्तर म्हणून टिक करता येणार नाही. 🙏

१०२ दादा: आणि जीमॅटला पास-नापास नसतंच नाना. २०५ ते ८०५ मध्ये स्कोअर येतो. मनू, दोनांत अडकलीस तर एक निवड, खूण करून ठेव, पुढे जा. सेक्शनच्या शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरं बदलता येतात. मी एकाच प्रश्नावर पाच मिनिटं घालवली आणि शेवटचे चार अंदाजानं ठोकले.

सेक्रेटरी काका: युनिटचे रीडिंग उद्या टाकतो. तोवर वर्गणी स्थगित.

४०२ वहिनी: आणि लिफ्ट बंद होती त्या दिवसांचं मेंटेनन्स?

सेक्रेटरी काका: तो विषय मीटिंगमध्ये.

२०४ काकू: मनू, फोन ठेव. पोहे गार होताहेत.

२०४ मनू: आई, तू बाजूलाच बसली आहेस.