सर्व्हे शेड्यूल झालाय, आता प्रश्न बदलता येतात का?

प्रश्न (चाकणची_एचआर):
नमस्कार मंडळी, आमचा एंगेजमेंट सर्व्हे (कर्मचाऱ्यांचं कामात किती मन आहे ते विचारणारा) सोमवारी सकाळी १० ला सुटणारे, शेड्यूल करून ठेवलाय, मेल अजून कुणालाच गेलेला नाही. आज प्लांट हेड म्हणाले दोन प्रश्न बदला. एक म्हणजे "माझे मॅनेजर माझं ऐकून घेतात आणि वेळेवर निर्णय देतात", आणि दुसरा ईएनपीएसचा, म्हणजे "इथे काम करायला ओळखीच्यांना सुचवाल का" हा ० ते १० वाला, तो बाकीच्यांसारखा १ ते ५ करा म्हणतात. शिवाय परवा जॉइन झालेली पोरं लिस्टमध्ये नाहीत. हे सगळं आहे त्यातच होईल की रद्द करून नवीन बनवू? गेल्या वर्षीशी तुलना दाखवायचीय म्हणून जास्त धाकधूक आहे.

उत्तर (सर्व्हेवाला):
मेल सुटेपर्यंत बदलता येतं ताई, रद्द नका करू. आधी शेड्यूल काढून ड्राफ्टवर आणा मग हात लावा. जुने प्रश्न डिलीट करून परत टाइप करू नका, बऱ्याच टूल्समध्ये तो नवा प्रश्न धरला जातो आणि गेल्या वर्षीचा आकडा शेजारी दिसतच नाही.
ईएनपीएसला मात्र ठाम नाही म्हणा. ९-१० वाल्यांच्या टक्केवारीतून ० ते ६ वाल्यांची वजा करतात तेव्हा तो स्कोअर निघतो, १ ते ५ केलंत तर वजा काय करणार? मॅनेजरवाला प्रश्न खरंच चुकीचा आहे, मॅनेजर ऐकून घेतो पण निर्णय लटकवतो असं असेल तर माणसाने टिक कुठे करायची? दोन वेगळे करा, त्या एका प्रश्नाची तुलना तुटेल, तुटू दे. फक्त गॅलप या सर्व्हे कंपनीच्या क्यू१२ (ठरलेले १२ प्रश्न) सारखा तयार सेट असेल तर त्यातल्या शब्दाला हात नको, बेंचमार्क, म्हणजे इतर कंपन्यांशी तुलनेचा आकडा, त्याच शब्दांवर असतो.

उत्तर (शॉपफ्लोअर_मित्र):
वरच्यांशी सहमत, पण मराठी-हिंदी व्हर्जन वेगळं दुरुस्त करावं लागतं, इंग्रजीत बदललं म्हणून तिकडे आपोआप होत नाही. आणि टाइमझोन बघाच! टूल यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर १० म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, तोवर पहिली शिफ्ट घरी. रिमाइंडर मेलमधली शेवटची तारीखही तपासा. क्यूआर पोस्टर छापली असतील तर लिंक तीच राहिलीये का ते स्वतःच्या मोबाइलवर स्कॅन करून बघा, लाइनवरच्या लोकांना ऑफिसचा मेल नसतो, लिंक मेली की ती माणसं गेलीच हातातून.

उत्तर (नाशिककर७):
नवीन पोरांना घ्या, पण त्यांचा वेगळा गट करून रिपोर्ट काढू नका. पाचपेक्षा कमी उत्तरं असली की कोण काय बोललं ते लगेच कळतं, म्हणून किमान ५ ची मर्यादा चालू आहे ना बघा. आणि एकदा सुटला की प्रश्न बदलायचे नाहीत, अर्ध्यांनी एक वाचलेलं, अर्ध्यांनी दुसरं, मग बेरीज कशाची करणार.

चाकणची_एचआर:
खूप आभार! शेड्यूल काढलंय. ईएनपीएसचं साहेबांना पटलं, तो तसाच राहतोय. मराठी प्रश्न उद्या असेंब्लीतल्या दोघांकडून मोठ्याने वाचून घेते, मग परत शेड्यूल लावते. टाइमझोन खरंच यूटीसी होता.