इंटर्नशिप संपत आलीय, कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करू की एलडीओची (पशुधन विकास अधिकारी) परीक्षा देऊ?

इंटर्न_शिरवळ:
नमस्कार मंडळी. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला बी.व्ही.एस्सी. झालं, आता इंटर्नशिपचे शेवटचे दोन महिने. घरी चार गाई आहेत त्यामुळे वडिलांचं म्हणणं एमपीएससी दे, पशुधन विकास अधिकारी हो, गावात मान मिळतो. मला कुत्रा-मांजरात जास्त इंटरेस्ट आहे. (आत्या प्रत्येक लग्नात "हा आमचा ढोरांचा डॉक्टर" अशी ओळख करून देते, ते दोन्हीकडे सारखंच राहणार.) पुण्यात एका क्लिनिकला पंधरा दिवस बसलो तर तिथले सर दिवसभर प्राण्यांपेक्षा माणसांशीच जास्त बोलत होते, मी तर कंटाळलो. रोजचं काम असंच असतं का? सिनियर लोकांनी खरं सांगा, मोटिवेशनल नको.

टाके_आणि_टेप:
नाशिकला ११ वर्षं स्वतःचं क्लिनिक आहे. हो, असंच असतं, आणि ते बोलणं हेच अर्धं निदान असतं हे मला पण तुझ्या वयात कळलं नव्हतं. मागच्या थंडीत एक बोका आला, तोंड सुजलेलं, धापा टाकतोय, ओठ वर करून बघितलं तर हिरड्या चॉकलेटी. काय दिलं विचारलं तर काहीच नाही डॉक्टर, नेहमीचं दूध. परत विचारलं, परत काहीच नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर सोबतचा पोरगा हळूच म्हणाला, पप्पांनी काल तापाची अर्धी गोळी चुरून घातली दुधात. पॅरासिटामॉल. आता तुला पुस्तकातलं माहीत असेल की मांजराच्या लिव्हरला ते नीट निकामी करता येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच जाते, पण पुस्तकात ते पप्पा नसतात ना समोर उभे. ॲसिटिलसिस्टीन (त्यावरचा उतारा) चालू केलं, ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी पहाटे गेला तो. माणूस वाईट नव्हता, लेकराला ताप आला की देतो तशी दिली त्याने. त्याच्यावर ओरडून काय होणार होतं, उलट पुढच्या वेळी तो अजून लपवेल.

आणि "आमचा चावत नाही हो डॉक्टर" हे ऐकलं की पहिलं काम म्हणजे पट्टीने तोंड बांध, मग स्टेथो काढ. माझ्या अंगठ्यावरची खूण असल्याच एका न चावणाऱ्याची आहे.

माजी_परळ:
@इंटर्न, रात्री जेवायला बसलं की व्हॉट्सॲपवर संडासाचा फोटो येतो, खाली एकच ओळ, "सर हे नॉर्मल आहे का". हे जमणार असेल तर ये या लाईनला 😄

लाल_मातीतला_एलडीओ:
मी दुसऱ्या बाजूचा. पगार वेळेवर हे खरंय, पण सरकारी म्हणजे आराम असं डोक्यातून काढ. २०२२ ला गाईंच्या लम्पी रोगाच्या साथीत गोठ्या-गोठ्यात फिरून लसी टोचल्या, कृत्रिम रेतन आहे, कागद आहेत, आणि रात्री दोनला अडलेली गाय असतेच, कोपरापर्यंत हात आत आणि वर कोणीतरी मोबाईलचा टॉर्च धरलेला. फरक एवढाच की शेतकरी पटकन हिशोब करतो, गाय किती दूध देते आणि औषध कितीला. तुमच्या शहरात तो हिशोब कोणी तोंडाने बोलत नाही पण असतोच.

टाके_आणि_टेप:
साहेब बरोबर बोलले. पार्व्होचं सांगतो, कुत्र्याच्या पिल्लांना होणारा व्हायरस. पिल्लू दोन महिन्यांचं, जेमतेम दोन किलो, रक्ताची हगवण, तो वास एकदा नाकात बसला की दारातूनच ओळखू येतो. पुढच्या पायाचे केस काढायचे, शीर दोऱ्याएवढी आणि पाणी कमी झाल्याने तीही दबलेली, २४ नंबरचा पिवळा कॅन्युला (सलाईनची बारीक नळी), दोनदा फुकट जातो, तिसऱ्यांदा मागे रक्त दिसलं की आपणच श्वास सोडतो. आणि तेवढ्यात मागून आवाज, "एक इंजेक्शन देऊन सोडा ना डॉक्टर, घरी बघू". आता त्या माणसाला तिथेच सांगावं लागतं की एका इंजेक्शनने व्हायरस जात नाही, हे सलाईन, उलटीचं औषध आणि अँटिबायोटिकवर तगवणं आहे, चार-पाच दिवस लागतील, इतके पैसे लागतील आणि तरीही वाचेलच असं नाही. पैशाचा आकडा पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग. मी सुरुवातीला लाजेने सांगायचो नाही, मग पाचव्या दिवशी भांडणं. शिवाय ते गेल्यावर टेबल, फरशी ब्लीचने पुसायची, साध्या फिनाईलला पार्व्हो दाद देत नाही. मदतनीस नवा असेल तर स्वतः उभं राहून पुसून घे.

मनीची_आई:
मी डॉक्टर नाही, पेशंटवाली आहे. मांजर मनी, तिच्यासोबत लॅब्राडोर कुत्री आहे आमची ८ वर्षांची. मागच्या वर्षी त्या कुत्रीची हीट (माज) होऊन महिना-दीड महिना झाला असेल, सारखं पाणी प्यायला लागली, खाणं बंद, आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. पायोमेट्रा निघाला, गर्भाशय पू ने भरलेलं, त्याच रात्री ऑपरेशन. बिल बघून माझे मिस्टर डॉक्टरांना नाही नाही ते बोलले, लुटता वगैरे. त्याच डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या, आम्हीच टाळलं, कशाला कापायचं उगाच म्हणून. नंतर मी पेढे घेऊन गेले तर ते आत कुठल्यातरी कुत्र्याचे टाके घालत होते, काचेतूनच हात केला.

इंटर्न_शिरवळ:
सगळ्यांना थँक्स. वडिलांना हा धागा दाखवणार नाही 😅 टाके सर, तुमच्याकडे सहा महिने हाताखाली काम करता येईल का? पगाराचं नंतर बघू.

टाके_आणि_टेप:
पगाराचं आधी बघू, आत्ताच शिकवलं ना. रेबीजचे प्री-एक्स्पोजरचे (चावायच्या आधीच घ्यायचे) डोस झालेत का?

इंटर्न_शिरवळ:
दोन झालेत सर. तिसरा २१ व्या दिवशी होता, तेव्हा घरी गाय व्यायली म्हणून राहिला.

टाके_आणि_टेप:
२८ व्या दिवशीही चालतो. तारीख मोज आणि घेऊन ये, मग बोलू.