बीपीची गोळी सकाळी की रात्री? मनीषनगरातल्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सुनंदा काकू (ए-102): फॉरवर्ड आलाय. "बीपीची गोळी सकाळी घेऊ नका! रात्री झोपताना घ्या, हार्ट अटॅकचा धोका निम्म्यावर येतो. स्पेनच्या शास्त्रज्ञांचा शोध. दहा जणांना पाठवा." खरं आहे का जी? ए-विंगमधले दोघं-तिघं आजपासूनच वेळ बदलतो म्हणून राहिले.

डॉ. गिरीश (बी-301): थांबवा त्यांना. मेसेज अगदी खोटा नाही, शिळा आहे. 2019 मध्ये स्पेनमधल्या 'हायजिया' अभ्यासाने असा दावा केला होता. गाजला खूप, पण तो कसा केला यावर आक्षेपही तेवढेच आले. मग ब्रिटनमधल्या 'टाइम' अभ्यासात 21,104 पेशंट घेतले. काहींना गोळी सकाळी, काहींना संध्याकाळी, आणि 5 वर्षांहून जास्त पाठपुरावा. 2022 मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा त्यामुळे मृत्यू झालेले संध्याकाळच्या गटात 3.4 टक्के, सकाळच्या गटात 3.7 टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. 2025 मध्ये कॅनडातल्या अभ्यासातूनही वेळेने फरक पडत नाही असंच निघालं. म्हणून जी वेळ चुकत नाही ती तुमची वेळ.

रेखाताई (फार्मासिस्ट, सी-203): फक्त पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवून बीपी उतरवणारी, सकाळीच ठेवा. गोळीच्या नावापुढे 'एच' असेल तर बहुतेक वेळा आत हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, 'सीटी' असेल तर क्लोर्थालिडोन. रात्री घेतली की दोन-तीनदा लघवीला उठणं आलं. अंधारात बाथरूमकडे जाताना पडून खुबा मोडला तर बीपी राहिलं बाजूला. पाकिटावर नाव छोट्या अक्षरात असतं, चष्मा लावून वाचा.

बोंदरे काका (ए-304): वेळेचं समजलं. पण मशीनच खरं सांगते कशावरून? एकदा 156, दोन मिनिटांनी 138. कोणता आकडा धरायचा? मशीन भंगारात द्यायची का?

प्रशांत भाऊ (वैद्यकीय उपकरणं, सी-104): काका, बऱ्याचदा मशीन बरोबर असते, चूक हाताची असते. 2024 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सने 133 जणांवर हेच मोजलं. हात टेबलावर टेकवून घेतलेलं बीपी खरं धरलं. तोच हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी 3.9 ने जास्त, खाली लोंबता सोडला तर 6.5 ने जास्त. कारण साधं आहे, उंच टाकीखालच्या नळाला जोर जास्त. दंड हृदयापेक्षा 10 सेंटिमीटर खाली गेला की साधारण 7-8 चा फरक पडतो. सोफ्यावर बसून मोजणारे सगळे यात आले. डायनिंग टेबलाशी बसा, हाताखाली उशी किंवा घडी केलेली चादर ठेवा, पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीवर आला पाहिजे.

दुसरी गोष्ट पट्ट्याचं माप. शिवणकामाच्या टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. मशीनसोबत येणारा पट्टा बऱ्याचदा 22 ते 32 सेंटिमीटरचा असतो, माप पट्ट्यावरच छापलेलं असतं. 2023 च्या एका अभ्यासात ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावून पाहिलं, तर वरचा आकडा सरासरी 19.5 ने फुगला. म्हणजे 125 वाला माणूस 144 चा पेशंट झाला! उलट बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो, पण त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा घ्या.

बांधताना खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूने खाली, पट्ट्याखाली एक बोट जाईल इतपत घट्ट. स्वेटर किंवा जाड बाहीवरून नाही, आणि बाही वर गुंडाळून दंड आवळूनही नाही.

सुनंदा काकू: मनगटाची मशीन चालते का? सोपी वाटते.

प्रशांत भाऊ: दंडाचीच घ्या. मनगटाची हृदयाच्या उंचीला अचूक धरावी लागते, तिथंच गडबड होते. आणि सेल चारही एकदमच बदला, दोन जुने दोन नवे नको. पट्टा फुगून मध्येच सुटत असेल आणि वारंवार एरर येत असेल तर व्हेल्क्रो सैल झालाय किंवा नळी गळतेय, ते आधी पाहा.

डॉ. गिरीश: काकांचा 156 की 138 हा प्रश्न राहिला. एकटा कोणताच धरायचा नाही. सलग 7 दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यात 140/90 ही रेषा असते, घरी 135/85. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना नको. लघवीला जाऊन या, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता 5 मिनिटं गप्प बसा. टीव्हीवरची भांडणंही बंद. तर्री पोहे खाऊन आल्याबरोबर मोजलं तर तो आकडा पोह्याचा!

पहिल्यांदा दोन्ही हातांत मोजा. पुन्हा पुन्हा मोजूनही 10 पेक्षा जास्त फरक येत असेल तर पुढे जास्त येणाऱ्या हातातच मोजा आणि डॉक्टरांना तसं सांगा. नाडी अनियमित असेल तर या मशिनी चकतात, तीनदा घेऊन सरासरी धरा.

विवेक (बी-105): आणि 190 आलं तर? जिभेखाली गोळी ठेवतात ना?

डॉ. गिरीश: नाही! निफेडिपिन जिभेखाली ठेवायची पद्धत जुनी आहे. बीपी एकदम कोसळतं, मेंदूचा रक्तपुरवठा तुटून स्ट्रोक होऊ शकतो. 180/120 च्या वर आलं तर 5 मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरी तेवढंच, पण त्रास काही नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूला अशक्तपणा, दिसेनासं होणं, यातलं काहीही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसायचं नाही, 108.

बोंदरे काका: मे महिन्यात उलटंच होते. 45 डिग्रीत उभं राहिलं की चक्कर.

रेखाताई: उन्हात रक्तवाहिन्या पसरतात, घामाने पाणी जातं, त्यात पाण्याची गोळी चालूच. बसून मोजा, मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 किंवा जास्त पडला तर लिहून ठेवा. उन्हाळ्यात डोस कमी करावा लागू शकतो, पण तो डॉक्टर करतील. मनाने बंद करू नका, काही गोळ्या एकदम सोडल्या की बीपी उसळतं. आणि टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, पाण्याची गोळी आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, हे तिन्ही एकत्र उन्हात किडनीला फार जड. दुखण्याची गोळी मागताना काउंटरवर बीपीची गोळी सांगत जा ना बाप्पा, कोणी सांगत नाही.

सुनंदा काकू: सैंधव मीठ वापरलं तर?

रेखाताई: तेही सोडियम क्लोराइडच, बीपीला काही फरक नाही. फायदा दिसला तो पोटॅशियम मिसळलेल्या मिठाचा. चीनमध्ये 20,995 जणांवर अभ्यास झाला, 2021 मध्ये निकाल आला, स्ट्रोक 14 टक्के कमी. जानेवारी 2025 मध्ये डब्ल्यूएचओनेही घरच्या मिठाऐवजी ते सुचवलं. पण किडनीचा आजार असलेल्यांना, गरोदर बायांना आणि मुलांना ते लागू नाही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर आधी रक्तातलं पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारा, ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

सुनंदा काकू: मंग लोणचं, पापड, कुरड्यांचं काय? उन्हाळी वाळवणं सुरू आहेत.

रेखाताई: कुरडईच्या चिकात मीठ निम्मं टाका, तळल्यावर कळतही नाही. लोणच्यात कमी करू नका, बुरशी येते. खाताना फोड लहान घ्या.