ओपनडब्ल्यूआरटीवर फ्लो ऑफलोडिंग चालू करावं का? सीपीयू पूर्ण भरतोय

पॅकेटवाला: नमस्कार मंडळी, घरी ५०० एमबीपीएसचं फायबर आहे पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडायची पद्धत), राउटर एमटी७६२१ चिपवाला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी २२.०३ (राउटरसाठीची लिनक्सवर आधारित प्रणाली) टाकलंय. स्पीडटेस्ट लावली की जेमतेम निम्मा स्पीड मिळतो आणि तेव्हा टॉप कमांडमध्ये एसआयआरक्यू एकदम वर जातो, बाकी प्रोसेस मात्र निवांत. फायरवॉलच्या पानावर सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग असे दोन टिक आहेत. टिक करायच्या आधी आत नक्की काय होतं ते समजून घ्यायचंय, कारण आईबाबांचे व्हिडिओ कॉल चालू असतात म्हणून एसक्यूएम (लाइन भरली तरी उशीर वाढू न देणारी रांगेची सोय) पण लावलेलं आहे.

सॉफ्टआयआरक्यू_सांगली: एसआयआरक्यू वर म्हणजे कर्नल (सिस्टीमचा गाभा) पॅकेटं ढकलण्यातच अडकलाय. एरवी प्रत्येक पॅकेटला प्रीराउटिंग, राउटिंग, फॉरवर्ड चेन, नॅट (पत्ता बदलणं), पोस्टराउटिंग असं सगळं फिरून जावं लागतं, आणि १५०० बाइटची पॅकेटं धरली तरी ५०० एमबीपीएसला सेकंदाला ४० हजारांच्या वर होतात. सॉफ्टवेअर ऑफलोडमध्ये पहिली काही पॅकेटं नेहमीच्याच वाटेने जातात, कनेक्शन जुळलं की त्याची नोंद फ्लोटेबलमध्ये पडते, मग पुढची आल्या आल्या पकडायची, पत्ता-पोर्ट बदलायचे, टीटीएल एकने कमी करायचा आणि थेट दुसऱ्या इंटरफेसवर सोडायची. कनेक्शन संपवणारं फिन किंवा रीसेट आलं की परत जुनी वाट. मेनलाइन कर्नलमध्ये हे ४.१६ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे. हार्डवेअरवालं टिक केलं की तीच नोंद चिपमधल्या पीपीई नावाच्या भागाला दिली जाते आणि मग ती पॅकेटं सीपीयूपर्यंत येतच नाहीत.

कट्ट्यावरचा_केक: भाऊ, आधी एसक्यूएमचं ठरवा. केकला (एसक्यूएममधला रांग लावणारा भाग) रांग सांभाळायची तर प्रत्येक पॅकेट त्याच्या हातातून जायला पाहिजे, पीपीईने परस्पर पाठवलेलं त्याला दिसतच नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र लावून उपयोग नाही. एसक्यूएम बंद करून ऑफलोड लावा, मोठी फाइल अपलोडला टाका आणि त्याच वेळी पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) बघा. पिंग फार चढला नाही तर ऑफलोडच ठेवा. चढला तर मी डोळे झाकून एसक्यूएम निवडेन, आईबाबांचा कॉल न अडखळणं स्पीडटेस्टच्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

पॅकेटवाला: हे एकदम क्लिअर झालं, धन्यवाद. मग अजून एक, एवढं सगळं चिपला जमतं तर लिनक्स अख्खं टीसीपीच (कनेक्शन सांभाळणारा प्रोटोकॉल) नेटवर्क कार्डावर का टाकत नाही?

सॉफ्टआयआरक्यू_सांगली: तो वाद जुना आहे. २००५ मध्ये नेटवर्क कार्ड बनवणाऱ्या चेल्सिओने टीओईसाठी म्हणजे पूर्ण टीसीपी कार्डावर नेण्यासाठी पॅच दिला होता, नेटवर्किंगचे मेंटेनर डेव्हिड मिलर ठाम विरोधात होते आणि तो काही आत गेला नाही. टीसीपी एकदा बंद फर्मवेअरमध्ये गेलं की त्यातला सिक्युरिटी बग कर्नलवाल्यांना दुरुस्त करता येत नाही, कंपनीने नवं फर्मवेअर दिलं तरच सुटका, आणि फायरवॉलचे नियमही बाजूलाच राहतात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीने टीओईला जागा दिली, लिनक्सने चेकसम (पॅकेट शाबूत आहे का ते तपासणं) आणि टीएसओ (मोठ्या डेटाचे पॅकेटांत तुकडे करणं) कार्डाला देऊन कनेक्शनचा ताबा स्वतःकडे ठेवला. मला हे मनापासून पटतं. येणारी पॅकेटं जोडायचं काम पण बघा, एलआरओ या जुन्या पद्धतीत हेडरमधली माहिती हरवायची म्हणून राउटरवर ते चालतच नाही, त्यापायी २००९ मध्ये जीआरओ ही नवी पद्धत आली, त्यात जोडलेलं पुन्हा जसंच्या तसं तोडता येतं.

पॅकेटवाला: एसक्यूएम काढून हार्डवेअरवालं लावलं, एसआयआरक्यू जवळजवळ शून्य आणि स्पीड पूर्ण. पिंगची टेस्ट रात्री सगळे ऑनलाइन असताना करतो. पण सगळेच फ्लो चिपवर गेलेत का ते कुठे बघायचं?

कट्ट्यावरचा_केक: प्रॉक नेटमधली एनएफ कॉनट्रॅक फाइल बघा, ज्या कनेक्शनच्या ओळीत एचडब्ल्यू ऑफलोड लिहिलंय ती चिपवर, नुसतं ऑफलोड असेल तर सॉफ्टवेअरवर, काहीच नसेल तर जुन्या वाटेने. डीएनएससारखी (साइटचा पत्ता विचारणारी) छोटी कनेक्शन बहुतेक जुन्या वाटेनेच दिसतील, त्याची काळजी करू नका.