वॉचमन मामांचे पाचशे आणि फेब्रुवारीतले तीनशे

(लातूरमधल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी (सी-२०१): नमस्कार मंडळी. आपल्या वॉचमन मामांना रात्री अडीचच्या सुमारास छातीत कळ आली. गेटजवळच्या खुर्चीतच घामाघूम होऊन बसले होते. वकील साहेबांनी लगेच गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो. अँजिओग्राफी झाली, दोन ब्लॉकेज निघालेत. सध्या तब्येत स्थिर आहे. दवाखान्यानं दीड लाखाचा अंदाज दिलाय, पन्नास हजार आधी भरा म्हणायलेत. कमिटीनं ठरवलंय, फ्लॅटमागं पाचशे रुपये. मेंटेनन्सच्या खात्यावरच टाका, शेऱ्यात 'मामा' लिहा.

काकू (बी-२०३): अरे देवा. रात्री दहाला तर माझ्याकडून चहा घेऊन गेले होते. पाठवते लगेच.

मेडिकलवाले भाऊ (दुकान २): पाठवले. पण सेक्रेटरी साहेब, छत्तीस फ्लॅटचे अठराच हजार होतेत. बाकीचं कसं?

आडतवाले शेटजी (बी-१०१): पैशाला माझी ना नाही. मामा आपले आहेत. पण एक गोष्ट आज बोलूनच टाकतो. मी इन्कम टॅक्स भरतो, जीएसटी भरतो, बाजार समितीचा सेस भरतो, महापालिकेची घरपट्टी भरतो. इन्कम टॅक्सवर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षणाचा उपकर वेगळा. एवढं भरून सोसायटीतल्या माणसाला झटका आला की परत खिशात हात घालायचा. मग सरकारनं त्या टॅक्सचं काय केलं? आणि त्याच्यावर परत काही जण म्हणायलेत की सगळ्यांना सगळा इलाज फुकट करा. म्हणजे अजून टॅक्स लावा. भरायचा कुणी? जे आधीच भरायलेत त्यांनीच.

बी-४०२ (पुणे): शेटजींशी शंभर टक्के सहमत. माझ्या पगारातून दर महिन्याला टीडीएस जातो. आई-बाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता गेल्या वर्षी ६८ हजार झाला, त्यावर १८ टक्के जीएसटी होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, त्याबद्दल आनंदच आहे. पण नव्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्यावरची ८० डीची वजावटही मिळत नाही. म्हणजे आम्ही आमची सोय स्वतः करायची, त्यासाठी सूट नाही, आणि दुसऱ्यांचीही सोय आमच्याच पैशातून. ज्यानं त्यानं आपला विमा काढावा, ज्याला खरंच शक्य नाही त्याला सरकारनं हप्ता भरून द्यावा. सरसकट सगळ्यांना फुकट कशाला?

मॅडम (ए-३०४): आधी मामांचं बघू. मामांकडं केशरी रेशनकार्ड आहे, मी मागच्या वर्षी त्यांच्या नातीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला त्याची झेरॉक्स लावली होती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. पन्नास हजार भरू नका. डॉक्टर साहेब, तो दवाखाना योजनेत आहे का?

डॉक्टर साहेब (सी-३०२): नाही, तो योजनेत नाही. पण योजनेतला दुसरा दवाखाना गाडीनं दहा मिनिटांवर आहे. मी आताच तिथल्या ड्युटी डॉक्टरशी बोललो. मामा स्थिर आहेत, कार्डिॲक ॲम्ब्युलन्सनं हलवता येईल. अँजिओची सीडी मागून घ्या, ते द्यायला बांधील आहेत. तिथं काउंटरला योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं. तातडीची केस असली की फोनवर मंजुरी मिळते, कागद मागून दिले तरी चालतात.

वकील साहेब (ए-२०२): मी इथंच आहे. मामांच्या मुलाला कार्ड आणायला गावाकडं पाठवलंय. रेणापूरहून यायला तास लागेल.

मॅडम (ए-३०४): शेटजी, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. राग खरा आहे. आता माझं ऐका, जरा लांब आहे.

फेब्रुवारी चालू आहे. या महिन्यात माझ्या पगारातून ३०० रुपये व्यवसाय कर जाईल. बाकीचे अकरा महिने २०० जातात, वर्षाचे २५००. आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षकांना विचारलं की हा कशाचा कर, तर कुणालाच सांगता येत नाही. मला सांगता येतं, कारण आमचं घर त्याच्यावर उभं राहिलंय.

बहात्तरच्या दुष्काळात माझे वडील सोळा वर्षांचे होते. औसा तालुक्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. हातोडी निसटून उजव्या अंगठ्यावर बसली, ते नख शेवटपर्यंत काळंच राहिलं. कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेला पौष्टिक खाऊ, धोतराच्या सोग्यात बांधून धाकट्या भावंडांना आणायचे. पुढं विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी पक्की झाली. तिला पैसा लागणार होता, म्हणून १९७५ ला व्यवसाय कराचा कायदा झाला. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. या कराचा जेवढा पैसा जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्याकडून घालायची, असं ठरलं. मुंबईत बँकेत, गिरणीत काम करणाऱ्याच्या पगारातून कापलेला पैसा आमच्या गावच्या पाझर तलावावर आला. त्या माणसानं औसा नकाशावरसुद्धा बघितला नसेल. त्याच्या पैशावर माझी आई पाच वर्षं बांधावर माती वाहत होती आणि मी शाळेत जात होते.

आता मी भरते. कुठल्या गावातल्या कुठल्या बाईच्या हजेरीला माझे ३०० जातात मला माहीत नाही, आणि मला ते माहीत असायची गरजही वाटत नाही. दवाखान्याचंही असंच व्हावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आपला पैसा आधीच एका जागी जमलेला असावा, म्हणजे रात्री अडीच वाजता कुणाला वर्गणी मागायला लागणार नाही.

बी-४०२ (पुणे): मॅडम, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण रोजगार हमीत बोगस हजेरीपटही होते ना? मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली. सरकारी दवाखान्याचंही तेच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण गेले, त्यात बारा तान्ही लेकरं होती. माझा पैसा तिथं जाऊन असं होणार असेल तर मी का भरू?

मॅडम (ए-३०४): बोगस हजेरीपट होते. आमच्या गावातही होते, वडिलांनी एकदा तहसीलला तक्रारही केली होती. पण त्यामुळं रोजगार हमी बंद करा असं ते म्हणाले नाहीत, मस्टर भिंतीवर लावा म्हणाले. नांदेडच्या त्या लेकरांचं दुःख मलाही आहे. ती तिथं का आली होती, तेही बघा. परभणी, हिंगोली, यवतमाळपासून लोक तिथं यायचे, कारण जवळपास एवढं मोठं सरकारी रुग्णालय नव्हतं. तुमचा पैसा गेला म्हणून ते घडलं नाही, पुरेसा गेला नाही म्हणून घडलं असं मी म्हणते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू. २०२५ सरलं, आपण तिथं पोचलेलो नाही.

मेडिकलवाले भाऊ (दुकान २): मी दुकानावर बसून जे बघतो ते सांगतो. लोक म्हणतेत योजना आहे, पाच लाखाचं कार्ड आहे. पण ते ॲडमिट झाल्यावर. बीपीची गोळी, शुगरची गोळी त्याच्यात बसत नाही. एक ताई येतात, महिन्याची गोळी कधी दहाच दिवसांची नेतात. मी विचारलं तर म्हणल्या, दिवसाआड घेते. अशा माणसाला पुढं झटका आला की योजना लाखभर रुपये द्यायला तयार. गोळीलाच पैसे दिले असते तर? आणि दुसरं, टॅक्स न लावताही सरकारला करता येतं. २०१७ च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत टाकायच्या जाळीच्या, किमतीला कमाल मर्यादा घातली. त्याच्याआधी औषध सोडणारा स्टेंट सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होता, तो तीस हजाराच्या आत आला. मामांना दोन टाकायचेत, हिशेब करा.

आडतवाले शेटजी (बी-१०१): हे भाऊचं पटलं. किमतीवर वचक ठेवा, मी सरकारच्या बाजूनं. माझा विरोध फुकटाला आहे. फुकट मिळालं की त्याची किंमत राहत नाही. माझ्या मेहुण्याचा मुलगा इंग्लंडात आहे. तिथं १९४८ पासून सगळ्यांना सरकारी इलाज. पगारातून भरपूर कापून घेतेत आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनोन् महिने नंबर लागत नाही. तो इथं येऊन दात करून गेला.

मॅडम (ए-३०४): शेटजी, त्याला महिनोन् महिने थांबावं लागतं हे वाईटच. पण ऑपरेशनसाठी त्याला शेत विकावं लागत नाही.

वकील साहेब (ए-२०२): रात्रभर आयसीयूबाहेर बसलोय, तिथलंच सांगतो. शेजारी केजचं एक कुटुंब होतं. सोयाबीन विकून आलेले पैसे रुमालात बांधलेले, तो रुमाल म्हातारी हातातून सोडत नव्हती. आणि "ज्यानं त्यानं बघावं" याचा शेवट काय होतो ते आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यानं बघितलंय. २०१९ ला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं आलं की ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कोयत्याची उचल, म्हणजे तोडीआधी घेतलेले पैसे, फेडायची, खाडा परवडत नाही, पोटात दुखलं की पिशवी काढा. त्या बायांनी फुकट काही मागितलं नव्हतं. कर्ज काढून ऑपरेशनं केली होती.

डॉक्टर साहेब (सी-३०२): त्या आकड्यांपुढं आमच्या पेशातल्या माणसानं मान खालीच घालावी. जवळ चांगलं सरकारी रुग्णालय असतं आणि तिथं स्त्रीरोगतज्ज्ञ रोज बसत असती, तर त्यातल्या कितीतरी जणींचं ऑपरेशन टळलं असतं. पण माझीही बाजू ऐका. मी काही वर्षं योजनेतल्या दवाखान्यात काम केलं. पॅकेज ठरलेलं, आणि पैसे यायला कित्येक महिने. नर्सचा पगार एक तारखेला द्यावा लागतो. मग काही जण योजनेतून बाहेर पडतात, काही जण पेशंटकडून वरचे पैसे घेतात. दुसरं मला अजिबात मान्य नाही, पण त्याचं मूळ सांगितलं. म्हणून मी म्हणतो, कार्ड वाटण्यापेक्षा सरकारनं स्वतःचे दवाखाने धड करावेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. तिथं माणसं भरा, औषधं ठेवा.

बी-४०२ (पुणे): डॉक्टर साहेब, हे मान्य. पण टॅक्स भरणारे मोजकेच आहेत, हेही खरं ना?

मेडिकलवाले भाऊ (दुकान २): दादा, इन्कम टॅक्स मोजके भरतेत. टॅक्स सगळेच भरतेत. मामा दर महिन्याला माझ्या शेजारच्या दुकानातून रिचार्ज मारतेत, त्याच्यात १८ टक्के जीएसटी आहे. गाडीत पेट्रोल टाकलं की त्याच्यावर केंद्राचा कर वेगळा, राज्याचा व्हॅट वेगळा.

आणि वाईट वाटून घेऊ नका, तुमचे बाबा ७२ वर्षांचे आहेत. ७० वरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. उत्पन्न बघत नाहीत. पाच लाखापर्यंत. त्यांनी काढलंय का?

बी-४०२ (पुणे): नाही. मला वाटलं ते फक्त गरिबांसाठी आहे.

काकू (बी-२०३): माझंही नव्हतं, भाऊनेच मोबाईलवर काढून दिलं. आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे एवढंच. आणि मला टॅक्समधलं काही कळत नाही, पण २०१६ चा उन्हाळा आठवतो. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला. मी रात्री दोन वाजता टँकरखाली घागर लावलेली आहे, माझ्या पुढं शेटजींच्या घरची बाई होती आणि मागं मामांची मंडळी. तेव्हा पांढरं कार्ड, केशरी कार्ड कुणी विचारलं नाही. तहान सगळ्यांची सारखी होती.

आडतवाले शेटजी (बी-१०१): वहिनी, पाण्याचं वेगळं.

काकू (बी-२०३): कसं वेगळं, सांगा ना.

सेक्रेटरी (सी-२०१): थांबा सगळे. वकील साहेबांचा फोन होता. मामांना दुसऱ्या दवाखान्यात आणलंय. आरोग्यमित्र म्हणतेत, रेशनकार्डावर मामांच्या वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं आहे.

मॅडम (ए-३०४): मी निघाले. माझ्याकडं त्यांच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स आहे, नातीच्याच फाईलमध्ये. वीस मिनिटांत पोचते.

मॅडम (ए-३०४): झालं. स्वयंघोषणापत्र आणि शाळेचा दाखला चालला. मंजुरी आली. दुपारी दोनला आत घेणार. आपल्याकडून एक रुपयाही घेतला नाही.

काकू (बी-२०३): 🙏🙏

आडतवाले शेटजी (बी-१०१): आनंद वाटला. मी सकाळी पाच हजार टाकलेत, ते परत नकोत. मामा महिनाभर कामावर यायचे नाहीत, त्यांच्या घरी किराणा लागेल. पण मॅडम, माझं मत अजून तेच आहे. हे पैसे मी माझ्या मनानं दिले. सरकारनं कापून घेतले असते तर मला असं दिल्यासारखं वाटलं नसतं.

मॅडम (ए-३०४): शेटजी, तुम्ही दिलेत याची मामांच्या घरच्यांना कायम आठवण राहील. पण मामांना तुमच्यासारखे शेजारी मिळाले. केजच्या त्या म्हातारीला कोण मिळालं?

आडतवाले शेटजी (बी-१०१): तिचं काय झालं? वकील साहेब, ती माणसं अजून तिथंच आहेत का?

वकील साहेब (ए-२०२): तिथंच आहेत. त्यांच्याकडं पांढरं कार्ड आहे, म्हणून आपल्याला काही मिळत नाही असं त्यांना वाटतंय.

डॉक्टर साहेब (सी-३०२): अहो मिळतं! आता पांढऱ्या कार्डालाही योजना आहे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तर सात-बारा दाखवून आधीपासूनच मिळत होती. त्यांना तिथं पैसे भरू देऊ नका, त्यांनाही योजनेतल्या दवाखान्यात हलवता येईल का ते मी फोन करून बघतो. पेशंटचं नाव विचारून मला पाठवा.

वकील साहेब (ए-२०२): जातो परत.

काकू (बी-२०३): मामांच्या मंडळींसाठी ज्वारीची भाकरी आणि वरण करते. वकील साहेब, त्या केजच्या लोकांचे किती जण आहेत? तेवढं कळवा, म्हणजे पीठ तसं मळते.