मदत हवी आहे: मिशिगन सरोवरावर शिडाची होडी चालवायला कशी सुरुवात करावी?

शिकागोत राहणाऱ्या किंवा अमेरिकेतील इतर महासरोवरांवर शिडाच्या होड्या चालवणाऱ्या मराठी सभासदांकडून मला मार्गदर्शन हवे आहे. येत्या उन्हाळ्यात बारा वर्षांच्या मुलीसह शिकायला सुरुवात करण्याचा विचार आहे. सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरचे मिशिगन सरोवर नावापुरतेच सरोवर आहे; वारा वाढला की येथे एकामागोमाग उभ्या चढाच्या लाटा उठतात, आणि मे महिन्यात हवा उबदार वाटली तरी पाणी इतके थंड असते की त्यात पडलेल्या माणसाचा श्वास क्षणार्धात अडखळतो. मुलीच्या बाबतीत मला याचीच सर्वाधिक काळजी वाटते.

तिच्यासाठी साधारण २.३ मीटर लांबीची ऑप्टिमिस्ट (मुलांसाठीची एका व्यक्तीची छोटी शिडाची होडी) योग्य ठरेल, की दोघांनी मिळून तळाला वजनदार कील (पाण्यात खाली उतरणारा, होडीचा तोल राखणारा पंखासारखा भाग) असलेल्या, सहसा न उलटणाऱ्या होडीवर शिकावे? लहान होडीत वारा, शीड आणि सुकाणू यांचा संबंध हाताला लवकर कळतो, असे माझे मत आहे. दर जुलैमध्ये शिकागोहून मॅकिनॅक बेटापर्यंत होणारी ३३३ मैलांची शर्यत हे अर्थातच फार दूरचे स्वप्न आहे.

थंड पाण्यासाठी वेटसूट (आत थोडे पाणी शिरले तरी ऊब राखणारा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) पुरतो की ड्रायसूट (पाणी आत येऊच न देणारा पोशाख) घ्यावा, आणि बंदराच्या भिंतीआड किती सराव झाल्यावर खुल्या पाण्यात जावे, हे अनुभवी सभासदांनी कृपया सविस्तर सांगावे.